पोलराइज्ड स्की गॉगल आणि बदलता उजेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्की गॉगलबद्दल येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी ‘पोलराइज्ड घेऊ का?’ असे असतात. त्यावर दरवेळी आम्हालाच उलट विचारावं लागतं, की कुठल्या उजेडात वापरणार? त्यामुळे खालचे बरेच प्रश्न उजेडाभोवतीच फिरतात.

आधी दोन खुलासे. मराठीत उन्हाच्या चष्म्यालाही गॉगलच म्हणतात. इथे गॉगल म्हणजे पट्ट्याने हेल्मेटवर बसणारा, कडेला फोम असलेला स्कीचा गॉगल. आणि ‘काच’ म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकचं भिंग, पण काच म्हणायची सवय कुणाचीच सुटलेली नाही, आमचीही नाही.

१. पोलराइज्ड काच आणि साधी काळी काच यात फरक काय?

काळी काच सगळाच उजेड सरसकट कमी करते. पोलराइज्ड काच उजेडातला एक ठरावीक भाग वेचून अडवते. उजेडाच्या लाटा एरवी सगळ्या दिशांना थरथरत येतात. पाणी, ओला रस्ता, गोठून चकचकीत झालेला बर्फ अशा आडव्या पृष्ठभागावरून तो तिरका परतला की त्यात आडव्या थरथरीचा भाग जास्त उरतो. डोळे दिपवणारी चकाकी ती हीच. पोलराइज्ड काचेतली पातळ फिल्म उभी थरथर आत सोडते आणि आडवी अडवते.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती एतियेन-लुई मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या. १८०८ साली तो पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी दोन प्रतिमांपैकी एक मंद होत गेली. प्लास्टिकची स्वस्त फिल्म मात्र एडविन लँडने १९२९ च्या सुमारास शोधली आणि त्यानंतरच पोलराइज्ड काच सामान्य माणसाच्या नाकावर आली.

२. पोलराइज्ड घेतला की अतिनील किरणांची काळजी मिटली ना?

पोलराइज्ड असण्याचा अतिनील संरक्षणाशी काही संबंध नाही. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवतं, त्यामुळे चांगल्या गॉगलची पूर्ण पारदर्शक काचसुद्धा डोळे राखते. वेष्टनावर ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही’ लिहिलंय का, एवढं पाहा.

बर्फावर ही तपासणी का हवीच? ताजा बर्फ अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ते वरून येतात तसेच खालूनही येतात. उंची दर १००० मीटरने वाढली की त्यांची तीव्रता साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढते. पातळ ढगांतून तर ते जवळपास सगळेच पार होतात. ‘आज ऊन नाही’ म्हणून गॉगल कपाळावर सरकवणाऱ्यांचे डोळे रात्री काय म्हणतात, ते प्रश्न १९ मध्ये आहे.

३. व्हीएलटी म्हणजे काय, आणि किती टक्क्यांची काच घ्यायची?

काचेवर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो, तो आकडा म्हणजे व्हीएलटी. आकडा मोठा तितकी काच फिकी. गॉगलच्या पट्ट्यावर, काचेच्या कडेला किंवा खोक्यावर हा आकडा असतो, नाहीतर ० ते ४ अशी श्रेणी छापलेली असते:

श्रेणी ० : ८० ते १०० टक्के, रात्र आणि दाट धुकं
श्रेणी १ : ४३ ते ८० टक्के, ढगाळ दिवस, हिमवर्षाव
श्रेणी २ : १८ ते ४३ टक्के, ऊन-ढगांचा खेळ
श्रेणी ३ : ८ ते १८ टक्के, लख्ख ऊन
श्रेणी ४ : ३ ते ८ टक्के, हिमनदी आणि अतिउंच प्रदेश

स्की गॉगलसाठी आयएसओ १८५२७-१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आलं. त्याआधीच्या गॉगलवर युरोपीय ईएन १७४ दिसेल. दुकानात उभं राहून काचेचा रंग न्याहाळत बसण्यापेक्षा हा आकडा वाचा. बाहेरून सारख्याच निळ्याशार दिसणाऱ्या दोन काचांत एक १२ टक्क्यांची आणि दुसरी ३५ टक्क्यांची असू शकते.

४. मग पोलराइज्ड काच नेमकी कुठल्या उजेडात उपयोगी?

सूर्य उघडा असताना. त्यातही सूर्य समोर आणि मध्यम उंचीवर, बर्फ ओलसर किंवा दिवसा वितळून पुन्हा घट्ट झालेला, आजूबाजूला गोठलेलं तळं किंवा ओला रस्ता असेल तर फरक लगेच जाणवतो. वसंतातली दुपार हा तिचा खास वेळ. बर्फाच्या दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर चढलेला असतो आणि उतार ताटासारखा चमकतो. साध्या काळ्या काचेतून ती चमक फक्त काळवंडते, पोलराइज्डमधून ती उतरते आणि खालचे चर, ढेकळं दिसायला लागतात. दिवसभर डोळे बारीक करून ठेवावे लागत नाहीत, त्यामुळे संध्याकाळचं डोकं दुखणंही कमी होतं.

सूर्य ढगाआड गेला की हा फायदा बहुतांशी संपतो.

५. ढगाळ हवेत सगळं पांढरंफटक दिसतं, उंचसखल कळत नाही. पोलराइज्डने सुधारेल का?

नाही. आणि सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात.

मळभ असताना उजेड आकाशाच्या सगळ्या भागांतून सारखाच येतो. त्यामुळे सावली पडत नाही. खळगा, उंचवटा, वाऱ्याने साचलेला ढीग हे सगळं आपण ओळखतो ते बारीक सावल्यांवरून. त्याच नाहीत म्हटल्यावर उतार कोऱ्या कागदासारखा दिसतो. खड्डा आला हे डोळ्यांआधी गुडघ्यांना कळतं. काहींना तर आपण थांबलोय की घसरतोय हेही उमगत नाही. स्कीवाले याला ‘फ्लॅट लाइट’ म्हणतात, आपण सपाट उजेड म्हणू.

या उजेडात अडवण्याजोगी चकाकी नसते, त्यामुळे पोलराइज्ड फिल्मला काम उरत नाही. उलट ती उजेड कमी करते (किती, ते प्रश्न ६ मध्ये). उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते आणि बारीक फरक टिपण्याची डोळ्याची ताकद घटते. म्हणजे दुखणं वाढतं. अशा दिवशी ४० ते ७० टक्के व्हीएलटीची, पिवळी, गुलाबी किंवा फिकी अंबर, पोलराइज्ड नसलेली काच लावा.

तरी स्पष्ट सांगायला हवं, की नसलेली सावली कुठलीच काच निर्माण करू शकत नाही. उत्तम काच फार तर असलेला जरासा फरक गडद करते. खरी मदत झाडांची आणि वाटेकडेच्या खांबांची होते. त्यांच्यामुळे डोळ्याला उभं-आडवं आणि जवळ-लांब कळतं, म्हणून सपाट उजेडात उघड्या माळावरून न जाता झाडांच्या कडेने उतरा.

६. सगळ्या उजेडात चालेल अशी एकच पोलराइज्ड काच का बनवत नाहीत?

गणितच आडवं येतं. साध्या, कुठल्याही एका दिशेला न झुकलेल्या उजेडातला अर्धा भाग पोलराइज्ड फिल्म अडवते, अगदी आदर्श फिल्म असली तरी. म्हणजे व्हीएलटी ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात फिल्म आदर्श नसते आणि काचेच्या पृष्ठभागांवरूनही थोडा उजेड वाया जातो, त्यामुळे आकडा त्याहून खालीच राहतो. त्यात रंग आणि आरशाचा मुलामा आला की बहुतेक पोलराइज्ड स्की काचा श्रेणी ३ मध्ये किंवा श्रेणी २ च्या गडद टोकाला येऊन बसतात.

‘पोलराइज्ड, व्हीएलटी ६५ टक्के’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

७. तळ्याकाठी पोलराइज्ड चष्म्याने जादू झाली होती. बर्फावर तितका फरक का पडत नाही?

पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, एकसंध. ताजा बर्फ म्हणजे असंख्य बारीक स्फटिक, वेडेवाकडे पडलेले. उजेड त्यात शिरतो, या स्फटिकावरून त्या स्फटिकावर आपटत बाहेर येतो आणि तोवर त्याची थरथर पुन्हा सगळ्या दिशांना विस्कटलेली असते. म्हणून भुसभुशीत ताज्या बर्फावर पोलराइज्ड काच जवळजवळ साध्या काळ्या काचेसारखी वागते. तो प्रखर असतो तो निव्वळ पांढरेपणामुळे, आणि त्यावर इलाज कमी व्हीएलटीचा.

दुसरा मुद्दा कोनाचा. परावर्तित उजेड पूर्णपणे आडव्या थरथरीचा होतो तो एका विशिष्ट कोनात, ज्याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात. पाण्यासाठी तो लंबापासून सुमारे ५३ अंश, बर्फासाठीही तेवढाच. याचा अर्थ, सपाट बर्फावर सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांच्या आसपास आणि तुमच्या समोर असताना पोलराइज्ड काच सर्वांत प्रभावी. सूर्य पाठीमागे असेल तर अडवायला फारसं काही नसतं. उतार तिरका असल्याने हा हिशोब वळणागणिक बदलतो. त्यामुळे एकाच उतरणीत कधी वाटतं वा, काय काच आहे, आणि वळल्यावर वाटतं, फरक कुठाय?

८. पोलराइज्डमुळे घट्ट गोठलेला बर्फ ओळखता येत नाही, असं प्रशिक्षक म्हणाले. खरंय?

बऱ्याच अंशी. काचेसारख्या कडक बर्फाचा पट्टा दुरून ओळखण्याची एक खूण म्हणजे त्याची चमक. पोलराइज्ड काच नेमकी तीच पुसते, आणि चमकणारा तुकडा शेजारच्या बर्फासारखा मंद दिसू लागतो. डोळ्याला सूचना मिळत नाही. स्कीच्या कडा खसखस सोडून करकर आवाज करू लागतात तेव्हा कळतं, आणि तोवर तुम्ही त्या पट्ट्यावर असता.

दुसरी बाजू मांडणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नाही. चमक गेल्यावर खालचा रंग आणि पोत दिसतो. कडक बर्फ किंचित निळसर-करडा असतो आणि सरावलेला डोळा त्या रंगावरून तो ओळखतो. पण हा सराव व्हायला काही हंगाम जावे लागतात.

आमचं मत असं: पहाटे किंवा सकाळी, रात्रभर गोठलेल्या उतारावर, विशेषतः वेगाने जायचं असेल तर पोलराइज्ड नको. नवशिक्यांनीही सुरुवातीला साधीच काच वापरावी, म्हणजे चमक वाचायची सवय लागते. ऊन चढून बर्फ मऊ झाला की मग खुशाल बदला. दिवसभर एकच काच ठेवणार असाल आणि तुमच्याकडचे उतार बहुधा कडकच असतात, तर पोलराइज्ड नसलेली पण कॉन्ट्रास्ट वाढवणारी काच (प्रश्न १०) बरी.

९. रंग कुठला घ्यावा? पिवळा, गुलाबी, तपकिरी की करडा?

रंगाचं मुख्य काम निळ्या उजेडाशी आहे. निरभ्र दिवशी बर्फावरच्या सावल्या नीट पाहा, त्या काळ्या नसतात, निळसर असतात. सूर्य तिथे पोहोचत नाही आणि आकाशाचा निळा उजेड ती जागा भरून काढतो. पिवळी किंवा अंबर काच निळा उजेड अडवते, त्यामुळे सावल्या गडद होतात आणि चर उठून दिसतात. मळभात अशा निळ्या सावल्या नसतात, म्हणून पिवळ्याचा फायदा तिथे कमी होतो. ‘उजळ वाटतं’ हा भाग बराचसा मनाचा आहे, पण तोही उतरताना उपयोगी पडतो.

गुलाबी काच साधारण पिवळीचंच काम करते आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यांना ती सौम्य वाटते. तपकिरी आणि तांबूस काच उन्हाला आणि अधूनमधून ढगाला. करडी काच रंग जसेच्या तसे ठेवते, लख्ख उन्हात आरामदायक, पण उंचसखल दाखवण्यात मागे. लाल-हिरवा फरक ओळखायला अडचण असणाऱ्यांनी दाट रंगाची काच घेण्याआधी वाटेवरच्या रंगीत खुणा तिच्यातून पाहून घ्याव्यात. नकाशावरची लाल (अवघड) आणि काळी (सर्वांत अवघड) वाट गल्लत करण्याजोगी नसते.

१०. प्रिझम, क्रोमापॉप अशी नावं असतात, ती पोलराइज्डच ना?

ही वेगळी गोष्ट आहे. ओकलेचं प्रिझम, स्मिथचं क्रोमापॉप आणि इतर कंपन्यांच्या अशाच काचा उजेडातल्या ठरावीक रंगपट्ट्या कमी करतात. दोन रंगांच्या सीमेवरचा, डोळ्याला संभ्रमात टाकणारा उजेड गाळला की उरलेले रंग एकमेकांपासून सुटे दिसतात. यातल्या बहुतेक स्की काचा पोलराइज्ड नसतात. पोलराइज्ड असेल तर तसं वेगळं लिहिलेलं असतं. पोलराइज्ड आणि कॉन्ट्रास्ट यांतलं एकच निवडायचं झालं तर स्कीसाठी आम्ही कॉन्ट्रास्ट निवडू. मासेमारीसाठी विचारलं असतंत तर उत्तर उलट असतं.

११. बाहेरून आरशासारखी दिसणारी काच जास्त चांगली का?

आरशाचा मुलामा थोडा उजेड बाहेरच परतवतो, म्हणजे व्हीएलटी कमी करतो. तो पोलराइज्ड असल्याची खूण नाही. मुलाम्याचा रंग आणि आतल्या काचेचा रंगही वेगवेगळे असू शकतात, बाहेरून निळी काच आतून गुलाबी दिसते. गॉगल घालूनच ठरवा. मुलाम्यावर ओरखडे चटकन पडतात आणि एकदा पडले की जात नाहीत.

१२. फोटोक्रोमिक घेतली तर पोलराइज्डची गरज उरते का?

फोटोक्रोमिक काच अतिनील किरण वाढले की गडद होते, कमी झाले की फिकी होते. किती उजेड आत सोडायचा, हा तिचा प्रश्न. पोलराइज्ड काच कुठला उजेड सोडायचा ते ठरवते. दोन्ही गुण एकत्र असलेल्या काचाही मिळतात, पण प्रश्न ६ मधली मर्यादा त्यांनाही सुटत नाही: पूर्ण फिकी झाली तरी ती मळभाची काच होत नाही.

थंडीतला तिचा स्वभावही माहीत असू द्या. गारठ्यात फोटोक्रोमिक काच जास्त गडद होते आणि फिकी व्हायला जास्त वेळ घेते. उन्हातून एकदम झाडीत शिरलात तर पहिली काही वळणं अंधारात घ्यावी लागतात. हवामान हळूहळू बदलणाऱ्या दिवसांसाठी ती उत्तम, ऊन-सावलीच्या लपंडावासाठी मंद.

१३. झाडीतून उतरताना क्षणात ऊन, क्षणात सावली. तिथे कुठली काच?

सावलीतलं दिसेल अशी निवडा, उन्हातलं आपोआप निभावतं. २५ ते ४० टक्के व्हीएलटीची गुलाबी किंवा तांबूस काच, पोलराइज्ड नसलेली. गडद काचेने उन्हात छान वाटतं, पण बुंधे सावलीत उभे असतात.

१४. संध्याकाळी किंवा दिव्यांच्या उजेडात?

पूर्ण पारदर्शक किंवा अगदी फिकी पिवळी, शक्यतो ८० टक्क्यांच्या वर. पोलराइज्ड अजिबात नको. गॉगल काढून उतरू नका, वेगात गार वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं आणि उडणारे बर्फाचे कण टोचतात.

१५. दोनच काचा घ्यायच्या झाल्या तर?

एक १० ते १८ टक्क्यांची उन्हासाठी, दुसरी ४५ ते ६५ टक्क्यांची मळभासाठी. पहिली पोलराइज्ड असली तर हरकत नाही (प्रश्न ८ वाचून ठरवा), दुसरी पोलराइज्ड नसावीच. चुंबकाने बसणाऱ्या काचा हातमोजे न काढता बदलता येतात. खाचेत अडकवायच्या काचांना घरी चार वेळा सराव लागतो, आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत बसून तो करू नये. एक काच खाली दरीत गेली की सेट मोडतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. बदलीची काच मऊ पिशवीत, आतल्या खिशात ठेवा.

१६. गॉगल घातला की मोबाइलची स्क्रीन काळी होते आणि गोंडोलाच्या (रोपवेच्या बंद डब्याच्या) खिडकीवर इंद्रधनुष्य दिसतं. काच खराब आहे का?

काच ठणठणीत आहे. उलट ती खरोखर पोलराइज्ड असल्याचा पुरावा मिळाला. एलसीडी स्क्रीनमधून बाहेर पडणारा उजेड स्वतःच पोलराइज्ड असतो. त्याची दिशा आणि काचेची दिशा काटकोनात आली की स्क्रीन विझल्यासारखी दिसते. मोबाइल आडवा करा, दिसेल. मनगटावरचं घड्याळ, जीपीएस, हिमस्खलनात शोधायला वापरतात त्या ट्रान्सीव्हरचा पडदा या सगळ्यांचं असंच होऊ शकतं. ट्रान्सीव्हर बाळगत असाल तर घरातून निघण्याआधी गॉगल घालून, सगळ्या कोनांतून त्याचा पडदा वाचून पाहा. पडदा विझत असेल तर तो गॉगल त्या वाटेवर नेऊ नका.

गोंडोलाच्या खिडकीचं कारण वेगळं. ती प्लास्टिकची असते आणि साच्यातून घडताना तिच्यात ताण अडकून राहिलेले असतात. पोलराइज्ड काचेतून ते ताण जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांसारखे दिसतात, डबक्यावर तेल सांडल्यासारखे. कोपऱ्यातल्या स्क्रूभोवती तर गोल वलयं उमटतात. बघायला मजा येते.

१७. ‘पोलराइज्ड’ असा नुसता स्टिकर आहे. खरं कसं तपासू?

एलसीडी पडद्यासमोर (लॅपटॉप, कॅलक्युलेटर काहीही) गॉगल धरून सावकाश अर्धा वळसा फिरवा. कुठल्यातरी कोनात पडदा गडद झाला पाहिजे. नुसती काळी काच फिरवून काही बदलत नाही. काही मोबाइल पडद्यांवर असा थर असतो की कुठल्याही कोनात अंधार होत नाही, म्हणून एकाच पडद्यावर निकाल लावू नका. हमखास खात्रीचा पोलराइज्ड चष्मा हाताशी असेल तर दोन्ही काचा एकामागे एक धरून एक फिरवा, काटकोनात जवळजवळ काळोख होतो.

जाता जाता गॉगल नेहमीसारखा सरळ धरून ओल्या फरशीची चमक पाहा. सरळ धरल्यावर चमक न जाता तिरका धरल्यावर जात असेल तर फिल्म वाकडी बसली आहे. असा गॉगल परत करा.

१८. मला नंबरचा चष्मा आहे. चष्म्यावर पोलराइज्ड गॉगल चालतो का?

चालतो, फक्त फ्रेममध्ये चष्म्यासाठी जागा ठेवलेला, ‘ओटीजी’ म्हणून विकला जाणारा गॉगल घ्या. आतला चष्मा मात्र पोलराइज्ड नको. दोन फिल्म तंतोतंत एका दिशेत असतील तर फार बिघडत नाही, पण चष्मा नाकावर जरा तिरका बसला की उजेड आणखी घटतो, तोही दोन डोळ्यांना वेगवेगळा. फोटोक्रोमिक चष्मा असेल तर तो गॉगलच्या आत गडद होणार नाही, कारण गॉगल अतिनील किरण आधीच अडवतो. ते चांगलंच आहे.

धुकं हा चष्मेवाल्यांचा जुना शत्रू. गॉगलची काच दुहेरी असते, मधल्या हवेमुळे आतला थर उबदार राहतो. चष्म्याला ती सोय नसते, म्हणून आधी तोच धुरकटतो. वरची-खालची हवेची भोकं टोपीने झाकू नका. पोलराइज्ड असण्याने धुकं वाढतही नाही, कमीही होत नाही. गॉगलच्या काचेची आतली बाजू ओली असताना पुसू नका, धुकंरोधक लेप तेव्हा मऊ असतो आणि बोटाबरोबर निघून येतो. बर्फ झटका आणि वाळू द्या. पोलराइज्ड काच हीटरवर किंवा गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवू नका, थर सुटून कडेला बुडबुडे येतात.

१९. ढगाळ दिवशी गॉगल न घालता फिरलो, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय. काय झालं?

बहुधा हिमांधत्व, म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्याला अतिनील किरणांनी बसलेला चटका. त्रास लगेच होत नाही, ६ ते १२ तासांनी सुरू होतो. त्यामुळे दिवसाशी त्याचा संबंध जोडायला माणूस विसरतो. डोळे लाल होतात, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना एक-दोन ते तीन दिवसांत आराम पडतो. दिसणं कमी झालं किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबू नका.

आर्क्टिकमधले इन्युइट लोक हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा वाहून आलेल्या लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी फट पाडून ती डोळ्यांवर बांधत. त्यात ना काच, ना फिल्म. फट एवढी अरुंद की उजेड जेमतेम आत शिरे.

२०. साधा पोलराइज्ड उन्हाचा चष्मा वापरून भागणार नाही का?

उन्हात सावकाश चालायला, हिमनदीवरच्या संथ चढाईला भागतं, कडेने झाकलेला असेल तर. वेगात उतरताना नाही. कडेने वारा आणि खालून परतणारा उजेड शिरतो, आणि पडलात तर तो नाकावर राहत नाही. लहान मुलांना तर गॉगलच द्या, चेहऱ्याच्या मापाचा. त्यांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जास्त स्वच्छ असल्याने अतिनील किरण मोठ्यांच्या तुलनेत जास्त आत जातात. मुलांच्या काचेला पोलराइज्डपेक्षा मध्यम व्हीएलटी महत्त्वाची.

२१. स्नोबोर्ड करताना शरीर आडवं असतं. मान कलली तर पोलराइज्डचा परिणाम जातो का?

पाय आडवे असले तरी डोकं बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे थोड्या कलण्याने फार बिघडत नाही. मान ४५ अंश कलली तर मात्र अडवायची चकाकी निम्मी आत येते. ९० अंशांत, म्हणजे कुशीवर आडवे झालात तर जवळपास सगळीच. पण त्या वेळी तुम्ही एकतर बर्फावर विसावलेले असता किंवा पडलेले.

२२. श्रेणी ४ ची पोलराइज्ड काच सर्वांत गडद, मग सर्वांत सुरक्षित तीच नाही का?

उंच हिमनदीवर, भर दुपारी, पुरेशी आणि योग्य. इतरत्र ती अडचण करते. ढग आला की तिच्यातून उतार दिसत नाही आणि गाडी चालवताना श्रेणी ४ ची काच वापरायचीच नसते. डोंगर उतरून पार्किंगमध्ये आलात की ती आधी डोळ्यांवरून काढा, किल्ली मग शोधा.